उकाड्यातली शाल

— उघडा की, खुशाल उघडा! सगळे डबे उघडून बघा, नर्सबाई. तो पिठाचा, तो मिठाचा, तो साबणाच्या भुकटीचा — त्यात नाक नका घालू, शिंकत बसाल. खाटेखाली बघा, माळ्यावर चढा, शिडी मी धरते. रबरी बोंडाची एक जरी बाटली सापडली ना, तर तीच माझ्या डोक्यात घाला. गाईचं नाही, बकरीचं नाही, डब्यातलं नाही, पाण्याचा थेंबसुद्धा नाही. गेल्या खेपेला तुम्ही याच दारात उभं राहून सांगून गेलात — सहा महिने आईचं दूध, दुसरं काही नाही — तेव्हा मी भांडले होते तुमच्याशी, आठवतं? वासरूसुद्धा पाणी पितं, म्हटलं, आमच्या नातवानंच काय घोडं मारलंय? भांडले, पण शब्द दिला तो दिला. मग आता संशय कशाला? — हो, हो, कळलं मला. सून काल तुमच्याकडे रडत आली होती. दूध आटलं म्हणाली. आणि आज तुम्ही पोराला काट्याला टांगलंत तर काटा हा असा खाली गेला! आईला दूध नाही, आणि पोर तर लोण्याचा गोळा. म्हणजे म्हातारी चोरून काहीतरी घालतेय. बरोबर आहे तुमचं. तुमच्या जागी मी असते तर मीही म्हातारीलाच धरलं असतं.

बसा आता. तिकडे नको, शेंगा आहेत, टोचतील. बियाणेवाल्याचं पोतं आहे, फोडून द्यायचंय, आणि दाणा अख्खा राहिला पाहिजे, नाहीतर तो माणूस तोंड वाकडं करतो. नातवाला, आमच्या बोक्याला, असू द्या तुमच्याच मांडीवर. — नाही, माझ्याकडे नको. माझे हात मळलेत. — पुसून काय होणार, माती नखांत बसलीय. असू द्या हो तुमच्याकडे, चार माणसांची सवय व्हायला नको का त्याला? — शाल? शालीचं काय? सर्दी झालीय. — उकाड्यात होत नाही होय सर्दी? मला होते. तुमच्या पुस्तकात नसेल, माझ्या नाकात आहे. — रडतोय तर वाटी आहे ना तिथं, तिवईवर, ताटलीखाली. त्याच्या आईनं पहाटे काढून ठेवलंय. चमच्यानं द्या. हळू, ओठांच्या कडेनं — थुंकला? थुंकणारच. दुपारी अर्धवट झोपेत चार चमचे घेतले त्यानं, तेवढेच. जागा असला की चमच्याकडे असा बघतो, जसं काही कोणी जमिनीचा कागदच पुढे केलाय अंगठ्याला. बघा, कशी मान वळवली. — इकडे? इकडे कुठे बघतोय? पंख्याकडे बघत असेल.

बरं, गोष्ट सांगू का एक? तुम्हाला घाई नसेल तर. नाहीतरी सुनेचा टेम्पो येईपर्यंत तुम्ही हलणार नाही, दिसतंयच मला. आमच्या गल्लीतली नाही हां, लांबची आहे. एक होती सासू, एक होती सून, आणि दोघींच्या मध्ये होती एक वाटी. सासरा कधीच गेलेला. लेक ट्रकवर, महिना महिना घर दिसत नाही, फोनवर 'काळजी घ्या' म्हणतो आणि पुढच्या गावाला लागतो. घरात दोघीच, आणि एक लेकरू. सून फुलांच्या शेडवर जायची. तिथं गुलाब येतात, गाड्या भरभरून. पानं ओरबाडायची, काटे काढायचे, दांडे सारखे कापायचे, जुड्या बांधून थंड खोलीत ठेवायच्या. सगळं उभ्यानं. पहाटे टेम्पो न्यायचा, ऊन कललं की आणून टाकायचा. पोराला तिसरा महिना लागला तसा मुकादमाचा निरोप आला — येतेस, की दुसरी घेऊ? गेली बिचारी. लेकरू आणायचं नाही, मधेच घरी जायचं नाही. छाती दाटून दगड झाली की संडासात जायची, भिंतीकडे तोंड करायची आणि पिळून टाकायची. फुलांना थंड खोली आणि पोराच्या दुधाला संडास! — हे तिनं सांगितलं नव्हतं हो सासूला. सासूनं तिच्या अंगावरच्या कापडावरून ओळखलं. दूध वाळलं की कापड कडक होतं, खळ घातल्यासारखं.

पण हट्टी! तुमच्यासारख्याच एका नर्सबाईनं तिच्या डोक्यात भरवलं होतं — हातानं काढायचं, उकळलेल्या वाटीत, झाकून गार जागी ठेवायचं, चमच्यानं पाजायचं. तर ती अंधारात उठायची आणि काढायची. ओठ चावून. सासू अंथरुणात पडल्या पडल्या ऐकायची — ठिप... ठिप... आधी भांड्यावर वाजायचं, मग दुधावर दूध पडलं की आवाज बदलायचा. सासूला सुरुवातीला ते बघवायचं नाही. बाईचं दूध असं उघड्यावर, वाटीत, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या नजरेसमोर! ताटली झाकायची, ताटलीवर फडकं टाकायची, फडक्याकडे पाठ करून बसायची. पण पाजायची हां. चमचा चमचा. पोरही घ्यायचं. अर्धं गळ्यात, अर्धं पोटात, पण घ्यायचं. सगळं बरं चाललं होतं. खरंच बरं चाललं होतं.

मग एक दिवस — थांबा, याला खांद्यावर घ्या जरा, पाठीवर थोपटा — मग एक दिवस ती बाई पोतं ओढत होती. शेंगांचं. — असतील हो तिच्याकडेही शेंगा, शेंगा काय माझ्या एकटीच्या मालकीच्या आहेत? — पोत्याचा कोपरा तिवईला लागला आणि वाटी गेली. गोल गोल फिरत गेली, भिंतीला टेकली आणि पालथी झाली. ती बाई गुडघ्यावर. चमच्यानं फरशी खरवडतेय. दूध कुठलं यायला? फटीतली माती वर आली. आणि पोर उठलं. भूक काय थांबते? रडून रडून निळं व्हायची पाळी. समोर एक शिवणवाली राहते, तिला मशीन चालवता चालवता सगळ्या गल्लीच्या उठाठेवी लागतात, ती खिडकीतून ओरडली — अहो, गाईचं घाला ना पाणी मारून, कोण येतंय बघायला! आणि निघाली होती ती बाई. भांडं हातात घेतलं होतं. पण उंबऱ्यात पाय अडला. शब्द दिलेला. आणि शब्दाचं सोडा — संध्याकाळी सून विचारणार, वाटीतलं प्यायला का? तिला काय सांगायचं? ओठ चावून काढलेलं तुझं दूध मी पोत्यानं सांडलं? तेव्हा त्या बाईनं दार लावून घेतलं, आणि — काय करणार ती तरी? — पोराला छातीशी घेतलं. नुसतं गप्प करायला. काही नव्हतं तिथं, सुकलेल्या पिशव्या नुसत्या. पण त्यानं असं तोंड लावलं जसं काही हरवलेलं घर सापडलं. चोखत चोखत झोपला. बाईनं त्याचा घाम पुसला आणि बसून राहिली.

तेवढ्यावर थांबायचं ना? कोणीही शहाणी बाई थांबली असती. दुसऱ्या दिवशी वाटी होती, भरलेली, झाकलेली. पण आता ते पोर चमच्याला शिवेना. त्याला कळलं होतं ना, की घरात दुसरी सोय आहे! चमचा आला की तोंड घट्ट, आणि तिच्याकडे झेप. रडायला लागला की तिला वाटायचं, आधी जरा शांत करू, मग देऊ चमच्यानं. शांत झाला की झोपायचा. उठला की परत तेच. आणि वाटी भरलेलीच. मोरीत ओतवेना तिला. मागे लिंबाचं झाड होतं, त्याच्या बुंध्याशी ओतायची. वाटी धुऊन पालथी घालायची. संध्याकाळी सून आली की पिशवी ठेवायच्या आधी विचारायची — आई, प्यायला का सगळं? सासू म्हणायची — थेंब ठेवला नाही. आणि त्या पोरीच्या तोंडावर जे हसू यायचं ना, नर्सबाई... दिवसभर काटे काढून बोटं सोलवटलेली, आणि हे एवढं हसू. त्या हसण्याकडे बघायला तोंड लागतं. ते नव्हतं तिच्याकडे. ती चुलीकडे वळायची. आणि लिंबू? लिंबाला असा बहर आला, असा बहर आला, की शिवणवाली म्हणाली, काय खत घालता हो तुम्ही?

— नका विचारू मला काय उत्तर दिलं. दिलं असेल काहीतरी त्या बाईनं.

पोर वाढत कसं होतं, हेच विचारताय ना? वाटी लिंबाला, आई दिवसभर शेडवर, मग काटा खाली जातोच कसा? तेच सांगतेय. एक दिवस ती बाई अंघोळीला बसली आणि तिला ओलं लागलं. पाणी अंगावर घ्यायच्या आधी. तिला वाटलं, आजार. गाठ फुटली असेल, आता आपले दिवस भरले. घाबरून दाबून बघितलं. पांढरं. बोटाला घेतलं, जिभेला लावलं — दूध! डोक्यावर सगळे केस पांढरे, पुढचे दोन दात गेलेले, नवरा जाऊन इतकी वर्षं झाली की त्याचा आवाजसुद्धा आठवत नाही, आणि छातीला दूध! तिला असं वाटलं की कोणीतरी तिला भर रस्त्यात उभं केलंय. लोक काय म्हणतील? विधवा बाई, आणि अंगावर दूध. शिवणवालीला कळलं तर मशीन बंद करून सांगत फिरेल. लेकाला कळलं तर तो ट्रक कुठल्या खड्ड्यात घालेल! कोणाला सांगायचं? कोणालाच नाही. म्हणून मग ती —

— काय? शाल? ओली? असेल. मघाशी पाणी प्यायले ना, सांडलं. — दोन्हीकडे सारखं सांडलं, हो. सांडतं कधीकधी. — याला का जवळ आणताय? नका आणू, नर्सबाई, मी सांगतेय ना नका आणू, तो रडतोय म्हणूनच हे — त्याचं रडणं कानावर पडलं की थांबत नाही. थांबतच नाही. मी काय करू? दाबून धरते, तरी थांबत नाही.

हसू नका. — हसत नाही? मग अशा बघताय कशाला? हो. मीच. लांबची-बिंबची कोणी नाही. ही तिवई, ही फट, ते मागे लिंबाचं झाड. आता कळलं ना शाल कशाला? — आधी एक सांगा मला, बाकी काही बोलू नका — ते विष तर नाही ना? म्हाताऱ्या अंगातलं. मी रात्र रात्र त्याच्या श्वासावर कान ठेवून पडलेय. शिंकला तरी वाटतं माझ्या दुधानंच. — नाही? होतं असं कधीकधी? चोखलं की येतं? दुसऱ्याही बायकांना झालंय? — खरं सांगताय, की म्हातारीला गप्प करताय? — बरं. बरं. विष नाही. एवढं तरी नाही.

पण तुम्ही मला सोडू नका एवढ्यावर. विष नसलं तरी वाईट आहेच. मी सांगते काय वाईट आहे. पहिल्यांदा घेतलं ते भुकेसाठी, हे खरं. पण नंतर — मला आवडायला लागलं, नर्सबाई. तो माझ्याकडे असा वर बघायचा, एक हात माझ्या हनुवटीला. किती वर्षांत कोणाला माझी अशी गरज पडलेली नाही. लेकाला माझे हाल विचारायचे असतात, पण मी हवी असते असं नाही. शेंगा कोणीही फोडेल. आणि हा! टेम्पो उशिरा यावा असं वाटायचं मला. पंक्चर व्हावा. दिवसभर उभ्यानं काम केलेली माझी सून रस्त्यात अडकून पडावी, म्हणजे मला आणखी थोडा वेळ. असं वाटायचं. आणि ती यायची तेव्हा हा पोट भरून झोपलेला. ती हात-पाय धुऊन, मोकळी होऊन, त्याला मांडीवर घेऊन बसायची. उठवायची. तो दोन घोट घ्यायचा, मान टाकायचा. तिची छाती दाटून तापायची. मग काही दिवसांनी दाटायची बंद झाली. पहाटे वाटीचा आवाज बदलला — ठिप... आणि मग बराच वेळ काही नाही. मी ऐकत होते. ते कशानं, हे मला माहीत होतं. तिला नव्हतं. ती आपली स्वतःलाच बोल लावायची, मी कमी खाते म्हणून, मी उभी राहते म्हणून, माझंच अंग वाईट. शिवणवाली म्हणाली, आटली गं तू. नवरा फोनवर म्हणाला, दुधाच्या पावडरीचा डबा आण. आणि ती माझ्यापाशी येऊन रडली, आई, याला माझं नको झालंय. तेव्हा मला काय वाटलं, सांगू? सगळ्यात आधी, रडू यायच्या आधी, दया यायच्या आधी — बरं वाटलं. आत कुठेतरी, डोळ्याची पापणी लवते तेवढंच. पण वाटलं. ते मी कोणत्या पाण्यानं धुऊ?

आज ती डबा घेऊन येणार आहे. शेडवरून येताना. एकदा डबा आला की तिची पहाट संपली, वाटी संपली, सगळंच संपलं. म्हणून आज दुपारपासून मी त्याला घेतलं नाही. वाटीतलं दिलं, थुंकला. परत दिलं, परत थुंकला. मी लांब बसले. शाल गुंडाळून, त्याला दुधाचा वास लागू नये म्हणून. त्याला आईपर्यंत भुकेला ठेवायचा, एवढं एकच सुचलं मला. बरोबर केलं का? — चोखत राहिला तर तिचं परत येईल? नक्की? किती — बरं, नाही विचारत. येईल म्हणालात, पुरे. — मग तुम्हीच सांगा ना तिला. तुमचं ऐकेल ती. म्हणा, दूध असं कमी-जास्त होतं, डबा नको, परत पाज. माझं नाव कशाला काढायचं? — मी सांगू? मी कोणत्या तोंडानं? — नाही, नाही, तुम्ही — वाजला. टेम्पो. ऐकलंत? उतरली. चप्पल ओढत चालते ती दमली की.

ये गं. — नर्सबाई आल्यात. बोक्याचं वजन छान आहे म्हणतायत. — पिशवीत काय, डबा? ठेव तो तिकडे, शेंगांवर ठेव. नको उघडूस. आधी हात धू. — रडतोय कारण भूक लागलीय त्याला. — वाटी? वाटी तशीच आहे. नाही प्यायला. आज ओतलीही नाही. — कशी म्हणजे? आजच नाही गं. कधीच... थांब. याला घे तू आधी. घे. आणि माझ्याकडे बघ. उकाडा फार झालाय. शाल काढते मी.

— बघ. खाली नको बघूस, इकडे बघ. मला लाज वाटतेय, पण तू बघ. तुझं आटलेलं नाही, पोरी. मध्ये मी बसले होते.

— गेली आत. दार लावलं. शिवी दिली असती, वाटी भिरकावली असती, तर बरं झालं असतं. नुसती बघत राहिली, माझ्या अंगावरच्या डागांकडे, आणि तोंडावर काही नाही. — रडतोय अजून. घेत नाहीये. तिकडे तो ओरडतोय आणि इकडे माझं — हे बघा, वाहतंय. कसलं निर्लज्ज अंग आहे हे! — आत जाऊ का मी? थोडं शांत करून परत तिच्याकडे — नाही. नाही, बरोबर. हलत नाही मी. हात धरा माझा. धरा, नाहीतर उठेन मी.

— अजून रडतोय.

— अजून.

— नर्सबाई. ऐका.

काहीच ऐकू येत नाही ना? — श्श. श्वास नका घेऊ मोठ्यानं. — ते ऐकलंत? घोट. गिळतोय. परत. दाराच्या फटीतून येतंय. मी ओळखते तो आवाज, तो रिकामं चोखताना असा गिळत नाही. उतरलं तिला. उतरलं!

— काय म्हणाली? मला हाक मारली? — 'आई, पाणी'? पाणी मागतेय. माझ्याकडे मागतेय! पान्हा फुटला की अशीच तहान लागते बाईला, घसा कोरडा पडतो. — आले गं, आले! — सरका हो, तांब्या कुठे गेला, तुम्ही त्याच्यापुढेच बसलायत. झालं तुमचं काम, उठा आता, जा. तो डबाही उचला, वाटेत कोणाला द्यायचा त्याला द्या. — आणि दार हळू ओढा. हळू, म्हटलं ना!